पहाटेचे शंभर तास कोणाचे?

आमच्या घरी सध्या पहाटे सव्वाचारला गजर होतो. दोन वर्षांपूर्वीही व्हायचा. तेव्हा तो माझ्यासाठी होता, आता पत्नीसाठी आहे. तेव्हा मी उठायचो, बूट घालायचो आणि सावेडीच्या अंधारात बाहेर पडायचो. परत येईपर्यंत चहा झालेला असायचा, मुलाचा डबा भरलेला असायचा, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या देऊन झालेल्या असायच्या. यातलं काहीही मी कोणाला विचारून ठरवलं नव्हतं. ‘मुंबई मॅरेथॉनला नाव दिलंय’ एवढंच एकदा जेवताना सांगितलं आणि घरानं ते मान्य करून टाकलं. यंदा नाव द्यायची वेळ तिची आली, तेव्हा तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “मी गेले तर सकाळचं कसं होणार?”

पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीवर मी बरंच वाचलं होतं. बूट कोणते, पोटात काय, गुडघ्याला काय, सगळं माहीत होतं. हा प्रश्न मात्र त्यात कुठे नव्हता. माझं असं मत झालं आहे की, पहिली मॅरेथॉन पूर्ण होणार की नाही, हे पायांच्या आधी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

साधा हिशेब मांडू. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आधीपासून थोडंफार पळणाऱ्या माणसालाही पहिल्या मॅरेथॉनसाठी १८ ते २० आठवडे सराव करावा लागतो. आठवड्याला सरासरी ४५ किलोमीटर धरले, तर २० आठवड्यांत ९०० किलोमीटर होतात. किलोमीटरला सात मिनिटं लागली, तर १०५ तास. यात रात्री नऊला अंथरुणाला पाठ टेकणं धरलेलं नाही. रविवारी ३० किलोमीटर पळून आल्यावर दुपारभर माणूस घरात असून नसल्यासारखा असतो, तेही धरलेलं नाही. नोकरीचे तास कमी होत नाहीत. दिवस चोवीस तासांचाच राहतो. मग हे शंभर तास येतात कुठून? घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेतून. माझे शंभर तास पत्नीच्या वेळेतून आले होते, आणि पदक गळ्यात पडल्यावरही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. तब्येत राखायला मॅरेथॉनची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि तो भरभर चालूनही होतो. पण मॅरेथॉन ठरवल्यावर माणूस सहा महिने नियमानं वागतो, आणि खरं औषध त्या सहा महिन्यांत आहे. लंडन मॅरेथॉनला पहिल्यांदाच उतरलेल्या १३८ निरोगी लोकांची तयारीच्या आधी आणि शर्यतीनंतर तपासणी करणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा रक्तदाब सरासरी चार आणि तीन अंकांनी उतरला होता. महाधमनीचा ताठरपणा इतका कमी झाला होता, की ती जवळपास चार वर्षांनी तरुण झाल्यासारखी होती. जास्त फायदा कोणाला झाला? वयानं मोठ्या आणि सावकाश पळणाऱ्यांना. आपल्या शिवेलगतच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन ६० मिनिटं ३० सेकंदांत धावला. ते यश त्याचं. तुमच्या-माझ्या धमन्यांना साडेपाच तासांची मॅरेथॉनही पावते, फक्त आधीचे सहा महिने नियमानं गेले पाहिजेत. आणि नियम एकट्यानं टिकत नाही.

त्यालाही पुरावा आहे. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ३,७२२ जोडप्यांच्या पाहणीत असं दिसलं, की जोडीदार व्यायामाला लागला तर व्यायाम न करणाऱ्यांपैकी साधारण तीनात दोघे स्वतःही लागतात. जोडीदार बसून राहिला तर चारात एखादाच उठतो. बायका आणि पुरुष, दोघांतही प्रमाण जवळपास सारखंच.

आता आपल्याकडची स्थिती पाहा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे, बायकांत ५७. यावर एक उत्तर ठरलेलं असतं, ‘आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?’ पण अशा पाहण्यांत घरातल्या आणि शेतातल्या कष्टाच्या कामांची मिनिटंही मोजलेली असतात. तरीही ५७ टक्के. राबणं आणि दम लागेल असा व्यायाम यांत फरक आहे. दिवसभर उभं राहून पाठ दुखते, पण हृदयाला ताकद मिळतेच असं नाही. नगर जिल्ह्याच्या गावांत डेअरीला दूध घालायची वेळ सकाळी आणि संध्याकाळी ठरलेली असते. धारा, शेण, पाणी, डबे यांतून बाईला स्वतःची अशी पहाट उरत नाही.

बारामतीच्या लता करे आठवतात ना? साठी ओलांडलेल्या या बाई पतीच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. अंतर मॅरेथॉनचं नव्हतं, पण त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटाची ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखलही घेतली गेली. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला एक गोष्ट खटकते. बाई घरासाठी धावली की आपले डोळे भरून येतात. तीच बाई स्वतःसाठी धावायला निघाली की आपण विचारतो, स्वयंपाकाचं काय?

मीही त्यातलाच निघालो. तिच्या सरावाच्या दुसऱ्याच आठवड्यात रविवारी पाहुणे येणार होते. मी सहज म्हणून गेलो, “आजचं राहू दे.” ती काही बोलली नाही, बूट काढून आत गेली. माझ्या सहा महिन्यांत हे वाक्य मला एकदाही ऐकावं लागलं नव्हतं, हे तेव्हा आठवलं. आई तर स्पष्टच म्हणाली होती, “एवढं पळून हिला जायचंय कुठं?”

म्हणून घरच्यांची साथ म्हणजे काय, ते नीट ठरवायला हवं. शर्यतीच्या दिवशी टाळ्या आणि फोटो, हा तिचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग आधीचा. आम्ही आता कॅलेंडरवर आठवड्याचं पळणं लिहितो आणि त्याच चौकोनात त्या सकाळी डबा कोणाचा, गोळ्या कोणी द्यायच्या, हेही लिहितो. भाकरी मला अजून गोल जमत नाही, पण मुलगा खातो.

दुसरी गोष्ट तपासणीची. घराण्यात कोणी कमी वयात हृदयविकारानं गेलं आहे का, हे पळणाऱ्यापेक्षा घरातल्या मोठ्यांना जास्त ठाऊक असतं. ते डॉक्टरांना सांगायला हवं. चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, चालताना छातीत भरून येत असेल किंवा कधी भोवळ आली असेल, तर आधी तपासणी आणि मग बूट. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्ध आणि पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंमध्ये ५९ जणांचं हृदय धावताना किंवा नंतर लगेच बंद पडलं. धोका अगदी थोडा आहे, पण त्यातले ४२ जण दगावले. वाचलेल्यांत मोठा वाटा जवळच्या कोणीतरी लगेच सीपीआर सुरू करण्याचा होता. धावणाऱ्याच्या घरात एकानं तरी सीपीआर शिकून घ्यावा. त्याचा उपयोग न धावणाऱ्यांनाही आहे.

तिसरी गोष्ट रस्त्याची. आमचा लांब पल्ल्याचा सराव पाथर्डी रस्त्यानं चांदबिबी महालाच्या पायथ्यापर्यंत आणि परत असतो, साधारण पंचवीस किलोमीटर. सुरुवातीला अंधार, मग ट्रक, मोकाट कुत्री आणि हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉली. मी एकटा जायचो. तिच्यामागे मी किंवा मुलगा दुचाकीवर असतो, पाणी आणि बॅटरी घेऊन. ‘बाईमाणसानं अंधारात जाऊ नये’ म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा सोबत जावं. वाहनांच्या समोरून, रस्त्याच्या उजव्या कडेनं पळावं आणि चमकणारं जाकीट घालावं.

चौथी गोष्ट खाण्यापिण्याची. शरीरात साखरेचा साठा असतो तो ४००-५०० ग्रॅमचा, म्हणजे फार तर दोन हजार कॅलरींचा. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला अडीच हजारांच्या वर लागतात. काही भाग चरबीतून निघतो, पण ती सावकाश जळते. म्हणून ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान अचानक पाय शिशाचे होतात. माझे ३२ व्या किलोमीटरला झाले. यावर उपाय म्हणजे आधीचे दोन-तीन दिवस भात-पोळी थोडी जास्त खाणं आणि धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जाईल असं बघणं. खजूर, चिक्की, केळं, जे सोसेल ते. मात्र त्याची परीक्षा सरावातच घ्यायची. नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी नको, मग तो कितीही प्रेमानं दिलेला असो.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे काळजी म्हणजे ‘पाणी पी’. पण २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या खाली गेलेलं आढळलं. घामापेक्षा जास्त पाणी पिऊन ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला होता, त्यांना धोका अधिक होता. म्हणजे आमच्यासारखेच सावकाश पळणारे. तहान लागेल तसं प्यावं, मीठ-साखर-लिंबाचं पाणी जवळ ठेवावं. आणखी एक. नगरच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्या शरीराला मुंबईची दमट हवा जड जाते. घाम येतो, पण वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तिथे पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू जावेत.

शर्यतीच्या दिवशी घरच्यांनी सुरुवातीला गर्दी करू नये. तिथे उत्साह फुकट मिळतो. माझ्या वेळी पत्नी आणि मुलगा पेडर रोडच्या चढावर, शेवटच्या टप्प्यात उभे होते. तिनं शेंगदाण्याची चिक्की हातावर ठेवली आणि म्हणाली, “चालत गेलास तरी चालेल.” त्या क्षणी मला तेवढंच ऐकायचं होतं. धावणारा गोंधळल्यासारखा बोलत असेल, उलट्या होत असतील, छातीत दुखत असेल, तर त्याला थांबवायचा अधिकार घरच्यांचा. तो आधीच घरी बसून कबूल करून घ्यावा, कारण त्या वेळी धावणाऱ्याचं डोकं जाग्यावर नसतं.

आणि ज्या घरात हे शंभर तास खरोखरच निघत नाहीत, आजारपण आहे, लहान मूल आहे, पीक काढायला आलंय, तिथे दहा किलोमीटरची शर्यत धावावी. त्यात कमीपणा नाही. फक्त ‘निघत नाहीत’ हे दोघांसाठी एकाच मापानं मोजावं.

मुंबई मॅरेथॉनला आता तीन महिने आहेत. ती दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली. परवा पत्नीनं विचारलं, “त्याच आठवड्यात हळदीकुंकू. कसं करायचं?” उत्तर आईनं दिलं, “हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं. पळणं त्याच रविवारी आहे ना?” मग थोडं थांबून म्हणाली, “वाणाचं सामान ह्याला आणायला सांग.”

यादी माझ्या खिशात आहे.