फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज 10 ची नेहमीची अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली. मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदवलेल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेची अपडेट्स 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळायची आहेत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवा आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे 2017 च्या आधी घेतलेले जवळजवळ सगळे लॅपटॉप बाहेर पडले. त्यात रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेले, त्यामुळे ग्राहक नवे मशीन घ्यायला नाखूश. आठ-दहा वर्षांची जुनी मशीन अजून दोन-तीन वर्षे ओढायची तर ती आपल्याच टेबलावर येणार, आणि येतही आहेत. काम वाढले हे चांगलेच झाले. ते आपण कसे करतो, याबद्दल मात्र या महिन्यात थोडे कडक बोलायचे आहे.

आपली रीत अशी: लॅपटॉप हळू चालतो म्हणून येतो, आपण विचारतो “डेटा कुठे आहे?”, ग्राहक सांगतो “डेस्कटॉपवर आणि डी ड्राइव्हमध्ये.” तेवढे पेनड्राइव्हवर घेऊन सी ड्राइव्ह उडवायचा, नवे विंडोज टाकायचे, संध्याकाळी मशीन परत. फोटो आले, एक्सेलच्या फाइली आल्या, आपल्या लेखी बॅकअप झाला. दोन दिवसांनी फोन येतो, तेव्हा कळते की गेले ते वेगळेच.

जुन्या लॅपटॉपमध्ये जपण्यासारखे असते ते त्याचे वर्षानुवर्षे बसत गेलेले बस्तान. तालुक्याच्या गावातला छापखाना घ्या. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीची पत्रके करणारा डीटीपीवाला. त्याच्या मशीनवर विंडोज 7, पेजमेकर 7 आणि श्री-लिपी किंवा आयएसएम. पेजमेकरची ती शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची, पण त्याचा पंधरा-वीस वर्षांचा सगळा मजकूर तीत आहे, आणि तोही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. तोच फॉन्ट परत बसला नाही, तर पत्रिकेतले ‘शुभविवाह’ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन दिसते. कीबोर्डची मांडणी त्याच्या बोटांत बसलेली. सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली, डाँगल शाबूत पण त्याचा ड्रायव्हर 32 बिटचा, आणि आपण उत्साहाने टाकलेले विंडोज 64 बिटचे. 64 बिट विंडोज 32 बिटचा ड्रायव्हर घेत नाही. विंडोज 11 तर 32 बिटमध्ये आलेच नाही. पेनड्राइव्हवर घेतलेले दोन फोल्डर इथे काय कामाचे?

हीच गोष्ट टॅलीच्या जुन्या आवृत्तीची, दवाखान्यातल्या एक्स-रेच्या सॉफ्टवेअरची, भरतकामाच्या किंवा कटिंगच्या यंत्राला जोडलेल्या लॅपटॉपची. अशा मशीनला हात लावण्यापूर्वी अख्ख्या डिस्कची इमेज घेतली पाहिजे. विभागवार, बूटच्या छोट्या पार्टिशनसकट. ग्राहकाने मागितली नसली तरी. आमचे मत इथे स्पष्ट आहे: इमेज न घेता फॉरमॅट मारणारा कारागीर कितीही चलाख असो, त्याचे काम अर्धवट आहे.

साधने फुकट आहेत, तेव्हा खर्चाची सबब चालत नाही. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातल्या मंडळींनी बनवलेले क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालते आणि फक्त वापरातले ब्लॉक उचलते, त्यामुळे 500 जीबीच्या डिस्कवर 90 जीबी भरलेले असेल तर इमेज त्याहूनही लहान होते. मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीची सवय असलेल्यांनी ध्यानात घ्यावे की तिला 2024 पासून कंपनीचा आधार नाही. घोस्टच्या जुन्या सीडीवर अजून विसंबणारेही आहेत. नॉर्टन घोस्ट 2013 मध्येच बंद झाले. जीपीटी डिस्कवर त्या सीडीचा भरवसा धरू नका.

पण इमेजच्याही आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायला अर्धे मिनिट लागते. रिअलोकेटेड सेक्टर आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेंडिंग सेक्टर शून्य नसतील, तर त्या डिस्कवर चेकडिस्क चालवण्याचा मोह आवरा. आपल्यातले कितीतरी जण नेमके तेच पहिले करतात. मरायला टेकलेल्या डिस्कला चेकडिस्क पुन्हापुन्हा त्याच खराब जागी वाचायला लावते, वर फाइल सिस्टिममध्ये फेरफारही करते. अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते सहज वाचता येईल तेवढे आधी उचलते, अडलेल्या जागा मागे ठेवते आणि कुठवर आले याची नोंद मॅप फाइलमध्ये करते. डिस्क मध्येच गळपटली तर ती बंद करून, थंड होऊ देऊन, सोडले तिथून पुढे चालू करता येते. पुढची सगळी दुरुस्ती त्या प्रतीवर करायची. मूळ डिस्क बाजूला काढून ठेवायची.

विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आले. त्यात ‘शट डाउन’ केलेले मशीन खरे तर अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्सवरची साधने असे पार्टिशन हाताळायला नकार देतात. फास्ट स्टार्टअप बंद करून मग मशीन पूर्ण बंद करावे. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या काही लॅपटॉपवर ते ग्राहकाच्या नकळत चालू झालेले असते. बायोसला हात लावल्यावर स्क्रीनवर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती त्या खात्यात आहे हे ग्राहकाला आठवत नाही. ती आधी काढून घेऊन मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

सर्वांत जास्त जण अडकतात ते आकारात. विंडोजमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज 7)’ या नावाचे जे जुने साधन आहे, त्याने 500 जीबीच्या हार्डडिस्कची इमेज काढली आणि 240 जीबीची एसएसडी बसवली, तर आतला माल 80 जीबीच असला तरी ते रिस्टोर करायला नकार देते. त्याला मूळ डिस्कएवढी किंवा मोठी डिस्कच लागते. क्लोनझिलाही लहान डिस्क सहजासहजी स्वीकारत नाही. म्हणून इमेजची एक प्रत मूळ रूपात सुरक्षित ठेवून नंतर सी ड्राइव्ह आक्रसायचा आणि मग लहान डिस्कवर न्यायचा, हा क्रम. त्याच जुन्या साधनाची दुसरी खोड म्हणजे ‘विंडोजइमेजबॅकअप’ हे फोल्डर डिस्कच्या मुळाशीच आणि त्याच नावाने असावे लागते. कुणी नीटनेटकेपणा म्हणून ते ग्राहकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवले, की रिस्टोरच्या वेळी इमेज सापडत नाही असे उत्तर येते. मशीन नीट चालू लागण्यापूर्वी बायोसमधला साटा मोड एएचसीआयवरून दुसऱ्यावर गेला नाही ना, हे बघा. निळ्या स्क्रीनची निम्मी कारणे तिथेच असतात. आणि क्लोन केल्यावर पहिले बूट जुनी डिस्क काढूनच करावे. दोन्ही डिस्कवर सही एकच असल्याने विंडोज गोंधळते.

रिकव्हरी पार्टिशनबद्दलचा गैरसमजही जुनाच आहे. एसरला आल्ट आणि एफ10, एचपीला एफ11, लेनोव्होला ते बारीक नोव्हो बटण, एवढे पाठ असलेला मुलगा दुकानात हुशार गणला जातो. पण त्या पार्टिशनमध्ये असते ते कारखान्यातून निघाले त्या दिवसाचे मशीन. 2013 चा लॅपटॉप असेल तर विंडोज 8 परत येईल, ज्याची अपडेट्स जानेवारी 2016 मध्येच थांबली, आणि त्या बदल्यात सी ड्राइव्हवरचे सगळे जाईल. त्याला बॅकअप म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. त्यातून आपण एसएसडी टाकतो तेव्हा ते पार्टिशन जुन्या डिस्कबरोबर मागेच राहते, हे वेगळेच.

आता नावडता विषय. बऱ्याच दुकानांत एक ‘तयार इमेज’ फिरत असते: अ‍ॅक्टिव्हेटर लावलेले विंडोज, तसलेच ऑफिस, डिफेंडर बंद केलेले, अमुक फॉन्ट, तमुक ब्राउझर. आलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर तीच थापायची. हा बॅकअप नव्हे आणि रिस्टोरही नव्हे. दुसऱ्याच्या मशीनचा उष्टा माल आपण ग्राहकाच्या गळ्यात बांधतो, तोही सुरक्षा उघडी टाकून. गरजही नसते. विंडोज 8 पासून कंपनीने दिलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली की इन्स्टॉलर ती उचलतो. 2015-16 मध्ये ज्या मशीनवर विंडोज 10 चे मोफत अपग्रेड झाले, त्याचा परवाना हार्डवेअरशी बांधलेला असून डिस्क बदलली तरी टिकतो. परवाना असलेल्या माणसाला आपण चोरीचे विंडोज देतो आहोत.

इमेज घेतली, एवढ्यावरही थांबता येत नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या नामांकित कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. बॅकअपच्या एकाहून अधिक सोयी होत्या. पाहिले तर रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याचे सांगणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेली एक प्रत कामी आली. मधल्या तासांतला डेटा गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळे जाहीरपणे लिहिले, हे त्यांचे मोठेपण. प्रशिक्षित माणसांच्या कंपनीत हे घडते, तर आपल्या टेबलावरच्या न तपासलेल्या इमेजचा काय भरवसा?

क्लोनझिला शेवटी विचारते, इमेज तपासू का? आपण घाईत ‘नको’ म्हणतो. तिथे ‘हो’ म्हणा, पण त्याने फक्त इमेज वाचता येते एवढेच कळते. खरी परीक्षा म्हणजे दुकानातल्या एका सुट्या एसएसडीवर ती चढवून, ग्राहकाच्याच लॅपटॉपमध्ये लावून बघणे. विंडोज उघडले, परवाना शाबूत, वायफाय आणि आवाज चालू, टॅलीत कंपनी उघडली, डीटीपीवाल्याचे एक पान प्रिंटला गेले, की मगच जॉब कार्डवर ‘बॅकअप तपासला’ असे लिहावे. जमेल तिथे ग्राहकासमोर.

याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे घ्यावेत. बिलात ‘फॉरमॅट’ या एका ओळीत सगळे कोंबण्यापेक्षा इमेज आणि रिस्टोरची वेगळी ओळ टाका. ग्राहक घासाघीस करेल, पण एकदा ज्याचा डेटा गेला आहे तो करणार नाही. आणि ती इमेज म्हणजे त्या माणसाची पासबुके, आधारच्या प्रती, घरचे फोटो, सगळे आपल्या हार्डडिस्कवर. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असो वा नसो, ती किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार हे जॉब कार्डवर लिहून ग्राहकाची सही घेतली पाहिजे. एक प्रत त्याच्याच बाहेरच्या डिस्कवर देऊन टाकावी, आपल्याकडची ठरल्या दिवशी पुसावी, आणि दुकानातल्या पोरांना त्या फोल्डरमध्ये डोकावायची मुभा नसावी.

31 मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते आणि टॅलीवाल्यांची धावपळ शिगेला असते, त्यामुळे त्या दिवशी कुणाचे मशीन उघडायला जाऊ नका. त्या आधीच्या आठवड्यात मात्र कपाटातली एखादी जुनी इमेज काढा, सुट्या डिस्कवर चढवून पाहा आणि काय झाले ते आम्हाला कळवा, फसली असेल तर आवर्जून. सोबत आपल्या दुकानाच्या जॉब कार्डचा कोरा नमुनाही पाठवा. त्यांतले चांगले नमुने मे महिन्याच्या अंकात छापू.