थँक्सगिव्हिंगचा ओपनिंग बॅलन्स

स्पष्टच लिहिते, राग आला तरी चालेल.

परवा आपल्या ग्रुपवर विचारलं, थँक्सगिव्हिंगला मुलांना कागदी पिसांचे मुकुट घालून शाळेत पाठवायचं का? उत्तरं आली: 'अगं, मुलं आहेत, मजा करू दे.' 'आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचंय?'

तीस वर्षांचं होम लोन घेतलेला माणूस पाहुणा कसला? आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विषय निघाला की आपणच तासभर बोलतो ना! 'व्यापाराला आले आणि मालक झाले' हे आपल्या मुलांना पाठ आहे. मग इथली गोष्ट आली की आपला आवाज का बसतो?

मी सीए आहे. हिशोब तपासताना आधी ओपनिंग बॅलन्स बघायची सवय. शाळेतली गोष्ट १६२१ च्या मेजवानीपासून सुरू होते. त्याआधीची पानं बघा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पटक्सेट गावच्या टिस्क्वांटमला आणि इतरांना पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तो १६१९ मध्ये परतला तेव्हा अख्खं गाव साथीत संपलेलं. पुढच्याच वर्षी मेफ्लॉवरचे १०२ प्रवासी आले. केप कॉडला त्यांनी वाम्पनोआगांचा पुरून ठेवलेला मका उचलला (भरपाई नंतर दिली, तेही खरं) आणि पटक्सेटच्या आयत्या साफ जमिनीवर प्लिमथ वसवलं. पहिल्या हिवाळ्यात निम्मे दगावले. उरलेल्यांना मका लावायला शिकवलं ते टिस्क्वांटमनेच.

आता क्लोजिंग बॅलन्स. मेजवानीला वाम्पनोआगांचा प्रमुख मॅसासोइट नव्वद माणसं घेऊन आला होता, पाच हरणंही त्यांनीच आणली. जमिनीसाठी वसाहतीचा दबाव वाढत गेला आणि १६७५ मध्ये युद्ध पेटलं. मॅसासोइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये मारला गेला. त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर कित्येक वर्षं टांगलेलं होतं. त्याच्या लहान मुलाला गुलाम म्हणून विकलं. म्हणजे पंगतीला आलेल्या माणसाच्या नातवाला!

'एवढ्या लहान मुलांना रक्तपात कशाला सांगायचा?' अहो, अफझलखानाचा कोथळा आपण पाचव्या वर्षी सांगतो.

आणि ते पिसांचे मुकुट वाम्पनोआगांचे नाहीतच, दूरच्या मैदानी प्रदेशातल्या लोकांचे आहेत. तिथेही ते मानाने मिळवावे लागतात. वाम्पनोआग आजही मॅशपी आणि अक्विनाला राहतात. १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला मूळ रहिवासी शोकदिन पाळतात.

मी काही शहाणी नाही. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या मुकुटाला पिसं मीच चिकटवली होती. यंदा तिनेच विचारलं, 'आई, ते लोक आता कुठे आहेत?' मला उत्तर देता आलं नाही, म्हणून वाचायला बसले.

सुट्टी घ्या, टर्की करा, नाहीतर पुरणपोळी करा. पण मुकुट नको, आणि जेवताना मुलांना टिस्क्वांटमची पूर्ण गोष्ट सांगा. टीचरला पाठवायची मेल मी लिहून ठेवलीये. हवी असेल त्यांनी कॉमेंटमध्ये सांगा.