पणजीच्या पोलक्याची बाही

कोजागिरीला जुन्या वेशात फोटो काढायचा, असे यंदा आमच्या मुलींनी ठरवले. भाचीने मोबाईलवर एक चित्र दाखवले. "मावशी, असा एडवर्डियन ब्लाउज शिवून देशील?" लेसचा उंच गळा, फुगीर बाही, मनगटाला घट्ट पट्टी. मी म्हटले, "अगं, हे तर माझ्या पणजीचे पोलके!"

सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० इंग्लंडचा राजा होता. पेडणे-डिचोलीवर तेव्हा राज्य पोर्तुगालचे. पण फॅशन कुठे सरहद्द बघते? मुंबईला कामाला गेलेल्या माणसांबरोबर ती गावात यायची. आमच्या फोटोत पणजीने कासोटा घालून नऊवारी नेसली आहे आणि वर हे साहेबी पोलके. विलायतेतल्या बायका त्या काळी कॉर्सेटने कंबर आवळत. पणजीने बाही घेतली, कॉर्सेट नाही घेतला. जात्यावर बसणारीला तो चालणारच नव्हता.

आता मुद्द्याचे. ते पोलके आमच्या पेटीत होते. कॉलेजात असताना लेस आवडली म्हणून मी ती उसवून माझ्या ड्रेसला लावली. उरलेले कापड पुसायला गेले. आजी एक शब्दही बोलली नाही. ते तिच्या आईचे होते, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून भाचीसाठी शिवताना हाताशी फक्त फोटो. पहिल्यांदा बाहीच्या चुण्या खांद्यावर घातल्या. फुग्याची बाही म्हटली की तीच आठवते ना! भिंग लावून पाहिले तर खांदा सपाट, फुगा खाली मनगटाजवळ. मग उमगले. खांद्यावरचा मोठा फुगा १८९५च्या सुमाराचा. एडवर्डच्या काळात तो खाली उतरला. बाही उसवली. नवी बाही खालून रुंद कापली, चुण्या मनगटाच्या पट्टीत घेतल्या. कापड पातळ सुतीच घेतले, कारण सिंथेटिकच्या चुण्या नीट बसत नाहीत.

वेंडेल रॉड्रिग्ज यांनी 'मोडा गोवा' या पुस्तकात गोव्याच्या पोशाखाचा इतिहास मांडला आणि कोलवाळच्या आपल्या घरात त्याचे संग्रहालय उभे करायला घेतले. आपल्याला एवढे जमणार नाही. पण मुलींनो, घरातले जुने कापड कापण्याआधी एवढे करा: उलटे करून शिवण बघा, आतून-बाहेरून फोटो काढा, कोणाचे ते आजीला विचारून लिहून ठेवा.

भाची पोलके घालून, नऊवारी नेसून आली आणि सहज मांडी घालून बसली. सगळ्यांनी बाहीचे कौतुक केले. पाठ मात्र मी अंदाजाने शिवली आहे. फोटोत पाठ दिसत नाही.