एका उद्गारचिन्हासाठी

आमच्या शिराळ्यात एके काळी नाग धरणारे पुष्कळ होते. एक्सेलमध्ये शिरलेली चूक धरणारा मात्र आजही मिळत नाही. परवा शेजारच्या आक्कांचं दूधबिल पाहिलं. संकलनाच्या पानावर ४३००, वाटपाच्या पानावर ३४००! लिहिणारा पोरगा म्हणतो, "काका, टाइप करताना आकडे उलटे पडले."

अरे, पण टाइप करतोसच कशाला? वाटपाच्या चौकटीत बरोबरचं चिन्ह टाक, मग 'संकलन' हे पानाचं नाव, उद्गारचिन्ह आणि तिकडल्या चौकटीचा पत्ता. झालं! तिकडं आकडा बदलला की इकडं आपोआप बदलतो. आमचे आजोबा रोजकीर्दीत प्रत्येक रकमेशेजारी खतावणीचं पान लिहीत. शिक्षण चौथी, धोतर फाटकं, पण जोड पक्की!

"आणि संकलनाचं पानच कुणी पुसलं तर?" पोरानं फणा काढला.

तर चौकटीत 'रेफ' उमटतं, तेही उद्गारचिन्हासकट. म्हणजे चूक निदान बोंब तरी मारते. तुझे ३४०० गुमान बसून आक्कांचे नऊशे गिळतात, त्याचं काय?

नऊशे पुढच्या बिलात जोडून देणार आहेत म्हणे. हातानंच.