मुद्रा राहिली, वचन गेलें

सरकारी टपालखातें खासगी मंडळीच्या हवालीं करावें, म्हणजे कारभार चोख होईल, खर्च आटोक्यांत येईल आणि लोकांना सेवाही अधिक चांगली मिळेल, असें प्रतिपादणारा एक पक्ष बहुतेक सर्व देशांत आहे. आपल्याकडेही तो अधूनमधून डोकें वर काढीत असतो. या पक्षाचा सिद्धान्त केवळ तर्कानें खोडीत बसण्याची आतां गरज उरलेली नाहीं. ज्या देशानें जगाला टपालाचें तिकीट दिलें, त्या इंग्लंडनेंच हा प्रयोग करून पाहिला असून त्यास आज बारा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हां अनुमान बाजूस ठेवून प्रत्यक्ष प्रमाणाकडेच वळणें बरें.

प्रथम तिकीट म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. १८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचें हंशील अंतरावर व कागदांच्या संख्येवर आकारीत, आणि तें बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल करीत. रोलंड हिल यानें १८३७ सालीं एक पुस्तिका लिहून असें दाखवून दिलें कीं, पत्र जवळ नेण्यास व दूर नेण्यास लागणाऱ्या खर्चांत नांव घेण्याजोगा फरक नाहीं. खरा खर्च होतो तो पत्रें गोळा करणें, निवडणें, वांटणें आणि घरोघर हंशील वसूल करीत फिरणें यांत. त्या विचारांतून १० जानेवारी १८४० रोजीं सर्व देशभर एका पेनीचा दर सुरू झाला, आणि ६ मेपासून राणी व्हिक्टोरियाचें मस्तक असलेलें काळें तिकीट वापरांत आलें. आपल्याकडे सिंधमध्यें बार्टल फ्रियर यानें १८५२ सालीं तिकिटें काढलीं, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत हलक्या पत्रास अंतर न पाहतां अर्ध्या आण्याचा दर ठरला. मुंबईहून ठाण्यास जाणाऱ्या पत्रास जें हंशील, तेंच कलकत्त्यास जाणाऱ्या पत्रासही. सारांश, तिकीट म्हणजे आगाऊ पैसे घेऊन राज्यानें प्रजेला दिलेलें वचन होय. 'तूं कोठेंही राहा, तुझें पत्र आम्ही याच दरानें पोंचवूं', असें तें वचन. तिकिटावरची मुद्रा ही त्या वचनाखालची सही.

आतां हें वचन विकावयास काढल्यावर काय झालें तें पाहूं. २०११ सालीं पार्लमेंटानें टपालसेवेचा नवा कायदा करून 'रॉयल मेल' विकण्याची वाट मोकळी केली. त्या कायद्याची चर्चा चालू असतां लोकांना मोठी काळजी पडली ती राणीच्या मस्तकाची! परका धनी आला व त्यानें तिकिटावरून राणीच काढून टाकली तर काय करावें, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून व पार्लमेंटांत गाजला. अखेर त्या मस्तकाच्या रक्षणासाठीं कायद्यांत तरतूद करण्याचें सरकारनें कबूल केलें. मस्तक सुरक्षित झालें. मस्तकाखालच्या आंकड्याचें काय, ही काळजी मात्र तितक्या कळकळीनें कोणीं केली नाहीं.

विक्रीपूर्वीं मालाची सजावट कशी झाली तीही पाहण्यासारखी आहे. २०१२ सालीं कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा प्रचंड बोजा सरकारनें आपल्या, म्हणजे करदात्यांच्या, शिरावर घेतला. त्याच वर्षीं पहिल्या वर्गाच्या तिकिटावरील दराचें बंधन उठवलें, आणि तें तिकीट ४६ पेन्सांवरून एकदम ६० पेन्सांवर गेलें. अशा रीतीनें कर्ज लोकांकडे ठेवून व दर वाढवून झाल्यावर ऑक्टोबर २०१३ मध्यें ३३० पेन्सांस एक याप्रमाणें शेअर विकले. पहिल्याच दिवशीं बाजारांत त्यांचा भाव ४५५ पेन्सांवर जाऊन थांबला. लोकांची मालमत्ता किती स्वस्तांत गेली, हें सांगण्यास आणखी साक्षीदार नको. सरकारचा उरलेला हिस्साही २०१५ सालीं गेला.

यापुढील हकीकत आंकडेच सांगतील. विक्रीच्या वेळीं पहिल्या वर्गाचें तिकीट ६० पेन्सांना होतें. २०२२ सालीं तें ९५ पेन्सांना झालें, ऑक्टोबर २०२४ मध्यें १६५ पेन्सांना, व एप्रिल २०२५ मध्यें १७० पेन्सांना. साडेअकरा वर्षांत पावणेतीन पटींहून अधिक! महागाई सर्वत्रच वाढली, हें उत्तर येथें चालावयाचें नाहीं. कारण त्याच देशांत, त्याच कंपनीचें, त्याच टपालवाल्याच्या पिशवींतून जाणारें दुसऱ्या वर्गाचें तिकीट त्याच काळांत ५० पेन्सांवरून ८७ पेन्सांवर, म्हणजे सुमारें पावणेदोन पटींवर, थांबलें होतें. हा फरक कशामुळें? दुसऱ्या वर्गाच्या दराला कायद्यानें नेमलेल्या नियामकाची मर्यादा आहे. पहिल्या वर्गाला ती नाहीं. जेथें लगाम होता तेथें घोडा चालला, जेथें नव्हता तेथें तो उधळला. खासगीकरणाच्या कैवाऱ्यांनीं या एका तुलनेचें उत्तर द्यावें, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.

बरें, दर वाढले तशी सेवा तरी सुधारली काय? पत्रें वेळेवर न पोंचविल्याबद्दल नियामकानें या कंपनीस नोव्हेंबर २०२३ मध्यें ५६ लक्ष पौंड, डिसेंबर २०२४ मध्यें १ कोटी ५ लक्ष पौंड, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें २ कोटी १० लक्ष पौंड दंड केला. दंडाचा आंकडाही तिकिटाप्रमाणेंच दरसाल चढत गेला! शिवाय जुलै २०२५ पासून दुसऱ्या वर्गाचीं पत्रें शनिवारीं वांटूं नयेत व इतर दिवशींही एक दिवसाआड वांटावीं, अशी मोकळीक कंपनीस मिळाली. मर्यादेंत राहिलेल्या तिकिटाची किंमत अशा वेगळ्या मार्गानें वसूल झाली.

तिकिटें जमविणाऱ्या व घरांत चार तिकिटें राखून ठेवणाऱ्या मंडळींस या प्रकरणांत आणखी एक धडा आहे. २०२२ सालीं कंपनीनें यंत्रानें वाचावयाची रेघांची खूण असलेलीं तिकिटें काढलीं, आणि तशी खूण नसलेलीं, केवळ राणीचें मस्तक असलेलीं साधीं तिकिटें ३१ जानेवारी २०२३ नंतर चालणार नाहींत असें जाहीर केलें. पुढें कांहीं महिन्यांची सवलत दिली, जुनीं तिकिटें बदलून देण्याची सोयही ठेवली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि योगायोग पाहा: चित्रांचीं तिकिटें चालूच राहिलीं, आणि ज्या मस्तकासाठीं एवढा खल झाला, नेमक्या त्याच मस्तकाचीं तिकिटें बाद झालीं.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. लोक पत्रेंच लिहीनासे झाले, त्यास कंपनीनें काय करावें? २००४–०५ सालीं इंग्लंडांत सुमारें २,००० कोटी पत्रें गेलीं. २०२३–२४ सालीं तीं ७०० कोटींच्याही खालीं आलीं. टपालवाल्याला गल्ली तेवढीच चालावी लागते, पिशवी मात्र हलकी झाली. तेव्हां दर पत्रामागें खर्च वाढणारच. हें आम्हांस मान्य आहे. सरकारच्या हातीं टपाल असतें तरी तिकीट कांहींसें महागलेंच असतें. परंतु ज्या धंद्याची अशी ओढगस्त सांगितली जाते, त्याच धंद्याच्या मालकांनीं २०२१ सालीं शेअरवाल्यांना ४० कोटी पौंड परत देण्याचें ठरविलें, त्याची संगति कशी लावावयाची? टाळेबंदीच्या दिवसांत पार्सलांनीं मिळवून दिलेला तो नफा पुढच्या वाईट दिवसांसाठीं गांठीस ठेवणें शक्य होतें. सरकारी खात्यानें तो ठेवलाच असता असें नाहीं. पण न ठेवल्यास त्याचा जाब मतदारांना मागतां आला असता. २०२५ सालीं तर ही संस्था एका चेक धनिकाच्या कंपनीकडे गेली. तिची मुख्य कचेरी व करभरणा परदेशीं जाऊं नये म्हणून सरकारनें एक 'सुवर्णभाग' आपल्या हातीं ठेवला. पुन्हां तेंच: कचेरी राखली, तिकिटाचा दर नाहीं.

सरकारी मालकी म्हणजे कांहीं मंतरलेला ताईत आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. डेन्मार्कांतील टपालसंस्था डेन्मार्क व स्वीडन या दोन सरकारांच्याच मालकीची. तरीही तिनें २०२५ च्या अखेरीस डेन्मार्कांत पत्रें वांटणें बंद केलें. उलट जर्मनींत १९९५ सालीं टपालाची कंपनी झाली, २००० सालीं तिचे शेअर बाजारांत आले. परंतु तेथें तिकिटें आजही अर्थमंत्रालयच काढतें, आणि पत्रांचे दर नियामकाच्या मंजुरीवांचून वाढवितां येत नाहींत. यावरून निष्कर्ष निघतो तो असा कीं, मालक कोण या प्रश्नाइतकाच, वचन कोठें लिहून ठेवलें आहे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सरकारनें मोडलेलें वचन निदान निवडणुकीच्या वेळीं आठवतां येतें. खासगी मालकाकडून पाळून घ्यावयाचें वचन कायद्यांत अक्षर न् अक्षर लिहिलेलें नसेल, तर तें नाहींच असें समजावें.

हा सर्व विचार आम्हांस परका नाहीं. १८९८ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत पत्रें वाहण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे होता. त्याच्या जागीं २०२३ सालीं झालेला व जून २०२४ पासून अंमलांत आलेला टपालाचा नवा कायदा पाहावा. त्यांत तिकिटें काढण्याचा अनन्य अधिकार टपालखात्याकडे स्पष्ट शब्दांत राखला आहे. पत्रें वाहण्याचा अनन्य अधिकार मात्र त्यांत नाहीं. खातें अद्याप सरकारचेंच आहे, तें कोणीं विकलेलें नाहीं, हें खरें. पण मुद्रा राखावी व मुद्रेमागचें कार्य मोकळें सोडावें, ही चाल इंग्लंडांत कोठें जाऊन पोंचली तें आपण आतांच पाहिलें. आपल्याकडे दीड लक्षाहून अधिक टपालकचेऱ्या आहेत, व त्यांतील सुमारें नव्वद टक्के खेड्यांत आहेत. नफ्याच्या हिशेबानें पाहिलें तर पुण्यामुंबईच्या पेठा सर्वांनाच हव्याशा वाटतील. घाटमाथ्यावरच्या वाडीचें पत्र कोणाच्या वांट्यास जाईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून आमची मागणी थोडी आणि सरळ आहे. अंतर कितीही असो, पत्रास एकच दर. तो दर वाढवावयाचा तर लोकप्रतिनिधींच्या समोर, कारणें देऊन. आणि खेड्यांत टपाल आठवड्यांतून किती दिवस वांटलें जाईल, त्याचा उल्लेख कायद्यांत. एवढें लिहून झालें म्हणजे तिकिटावर कोणाचें चित्र छापावें याचा वाद सावकाश घालतां येईल. तोंवर ज्या कोणास टपालखातें विकण्याची घाई झाली असेल, त्यानें इंग्लंडचीं दोन तिकिटें, एक साठ पेन्सांचें व एक एकशें सत्तर पेन्सांचें, शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं.