तीन लाखांची डस्टर

जुन्या गाड्यांच्या बाजारात सध्या एक चमत्कारिक भाव चालू आहे. २०१३-१४ सालची डिझेल रेनो डस्टर, बऱ्यापैकी राखलेली, तीन-साडेतीन लाखांच्या आसपास मिळते. त्याच वर्षांतली डिझेल स्विफ्टही जवळपास तेवढ्यालाच जाते. शोरूममधून बाहेर पडताना या दोघींच्या किमतीत काही लाखांचे अंतर होते. दहा-बारा वर्षांत ते जवळजवळ पुसले गेले. ज्याला मोठी, दणकट गाडी हवी आहे पण खिसा बेताचा आहे, त्याला हा सौदा खुणावतो. तेवढ्यात घरातले कोणीतरी ठरलेले वाक्य उच्चारते: फ्रेंच गाडी नको, पार्ट मिळत नाहीत.

या वाक्यात तथ्य किती आणि ऐकीव भीती किती, हे पाहायला हवे. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे आहेत, त्यामुळे कोणालाच अडाणी ठरवून भागणार नाही.

आधी गाडीच्या बाजूने. डस्टर भारतात जुलै २०१२ मध्ये आली. जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर, डिकी ४७५ लिटरची आणि सस्पेन्शन असे की खड्ड्यातून गेल्यावरही आतल्या माणसांची बोलणी तुटत नाहीत. पावसाळ्यानंतरच्या मुंबई-गोवा रस्त्यावर किंवा आंबा घाटात ज्याने ही गाडी चालवली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. बॉनेटखालचे १४६१ सीसीचे के९के डिझेल इंजिन रेनोने जगभर वापरले. निसानच्या टेरानो, सनी, मायक्रा या गाड्यांत ते होते. युरोपात मर्सिडीजच्या ए-क्लासमध्येही त्याचा एक अवतार बसला. प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, रचना तुलनेने साधी. ८५ अश्वशक्तीच्या प्रकारात टर्बोसुद्धा साधा आहे. ११० अश्वशक्तीच्या प्रकारातला टर्बो व्हेरिएबल, म्हणजे ओढ जास्त आणि बिघडला तर खर्चही जास्त.

मात्र ‘पार्ट मिळत नाहीत’ ही भीती हवेतून आलेली नाही. तिची मुळे आपल्याच मातीत आहेत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर प्रीमियर आणि प्यूजो यांनी मिळून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला घेतली. गाडी चांगली होती, चालवणारे आजही तिच्या सस्पेन्शनची आठवण काढतात. पण कामगारांशी तंटा, भागीदारांमध्ये बेबनाव, आणि दशक संपण्याआधीच उत्पादन बंद पडले. प्यूजो देश सोडून गेली. ज्यांनी हौसेने गाडी घेतली होती, ते हेडलाइटच्या काचेसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात हिंडू लागले. ज्या पिढीने हे पाहिले, ती आज घरात सल्ला देण्याच्या वयात आहे.

त्याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. प्यूजोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन ३०९ बरोबर संपले नाही. १९९८ च्या सुमारास मारुतीने तेच इंजिन झेन आणि एस्टीमच्या डिझेल आवृत्त्यांत बसवले. त्याच्याही आधीपासून महिंद्राच्या जीपगाड्यांत प्यूजोच्या परवान्याने बनलेली डिझेल इंजिने धावत होती; ग्रामीण महाराष्ट्रात ‘प्यूजो इंजिन’ म्हणजे काय हे मेस्त्र्याला विचारावे लागत नसे. मूळ कंपनी गेली तरी इंजिन जगू शकते, ते दुसऱ्या कोणाच्या गाडीतही असले म्हणजे झाले. दार, काच, बंपर, लॉक यांना तो आधार नसतो.

हा भेद लक्षात घेतला की जुन्या फ्रेंच गाड्यांची सरमिसळ आपोआप सुटते. उदाहरणार्थ रेनो फ्लुएन्स. २०११ मध्ये आलेली ही देखणी सेडान आज हास्यास्पद किमतीत मिळते. डिझेल इंजिन तेच, के९के; तिथे अडचण नाही. परंतु गाड्या विकल्याच इतक्या थोड्या गेल्या, की मागचा दिवा फुटला तर तो शोधणे हेच एक काम होऊन बसते. तिची किल्ली म्हणजे एक कार्ड असते. ते हरवले तर कोपऱ्यावरचा चावीवाला काहीही करू शकत नाही. फ्लुएन्स हौशी माणसाने घ्यावी, गरजू माणसाने घेऊ नये, यावर फार वाद होईल असे वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला लोगन. महिंद्रा आणि रेनोच्या भागीदारीत २००७ पासून ती नाशिकला बनली. २०१० मध्ये रेनो बाहेर पडली, महिंद्राने गाडी स्वतःकडे ठेवली आणि पुढच्या वर्षी तिचे नाव व्हेरिटो केले. दिसायला खोक्यासारखी, टॅक्सीवाल्यांची लाडकी. नाशिककडच्या मेस्त्र्यांचा तिच्यावर हात बसलेला आहे. पैशाला पूर्ण जागणारी जुनी फ्रेंच गाडी कोणती, असे विचारले तर माझे उत्तर लोगन असेल. फक्त ती हवी असणारे गिऱ्हाईक क्वचित भेटते.

डस्टर या दोघींच्या मध्ये आहे, म्हणून तिच्याबद्दलचा निर्णय कठीण. ती भरपूर खपली. निसान टेरानोशी तिचे बरेच भाग जुळतात. रेनो अजून इथेच आहे, चेन्नईजवळच्या कारखान्यातला निसानचा हिस्साही तिने २०२५ मध्ये विकत घेतला, आणि डस्टर हे नाव भारतात पुन्हा आणायचे तिने ठरवले. कल्याणची पुनरावृत्ती होण्याची शक्यता त्यामुळे कमी आहे. तथापि डिझेल डस्टर २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बंद झाली आणि पेट्रोल डस्टर २०२२ मध्ये. नव्या पिढीच्या गाडीचे भाग जुनीला बसतील असे धरून चालू नये. दरवर्षी भंगारात जाणाऱ्या डस्टर वाढतील, म्हणजे जुने भाग काही काळ मुबलक मिळतील. त्यानंतर मात्र ओढाताण सुरू होईल.

आता खर्च. इथे डस्टरवाले आणि डस्टरविरोधी एकाच गाडीबद्दल बोलत असूनही वेगवेगळे आकडे सांगतात, आणि दोघेही खरे बोलत असतात. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन. बेल्ट मुदतीत बदलला तर तो एक ठरलेला खर्च. न बदलता तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. जुन्या गाडीचा बेल्ट कधी बदलला, याचा कागद दहापैकी आठ विक्रेत्यांकडे नसतो असे धरले तरी चूक होणार नाही. कागद नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असे मानूनच व्यवहार करावा.

क्लचचे पाहा. एके सकाळी पेडल तळाला टेकते आणि तिथेच राहते. बॉनेट उघडून बघितले तर ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली. गळती बाहेर कुठे दिसत नाही, कारण क्लच दाबणारा सिलिंडर बेअरिंगसकट गिअरबॉक्सच्या कवचाच्या आत बसवलेला आहे. भाग फार महाग नाही, पण तिथपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. जाणता फिटर सांगतो, उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि हा सिलिंडर एकदमच बदला. अजाणता फिटर फक्त सिलिंडर बदलतो, सहा महिन्यांनी प्लेट जाते, आणि तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. पहिला मालक सांगतो, गाडीने कधी त्रास दिला नाही. दुसरा सांगतो, गाडीने कंगाल केले. गाडी एकच, फिटर निराळे.

या मुद्द्यावर स्विफ्टच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला बिनतोड वाटते. स्विफ्टला जाणता फिटर शोधावा लागत नाही, तो प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. ओरिजिनल पार्ट नसेल तर लोकल, लोकल नसेल तर जुना, काहीतरी त्याच दिवशी मिळते. ज्याची गाडी सकाळी सुरू झाली नाही तर दिवसाची कमाई बुडते, अशा माणसाला हा भरवसा पस्तीस मिलिमीटर जास्तीच्या उंचीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. पुण्यात पार्टच्या दुकानांची नाना पेठ हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाने गडचिरोलीतल्या माणसाला ‘डस्टर घे, काही होत नाही’ असे सांगणे योग्य नाही.

इंधनाचे गणित लोक समजतात तेवढे डस्टरच्या बाजूचे नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १५ चा अॅव्हरेज, डिझेल हिशेबापुरते ९० रुपये: वर्षाचे ७२,००० रुपये. १७ चा अॅव्हरेज देणारी छोटी पेट्रोल गाडी, पेट्रोल १०४ धरले तर साधारण ७३,००० रुपये. म्हणजे बचत जवळपास नाहीच, सीएनजीशी तुलना तर सोडूनच द्या. दुसरीकडे, डस्टरमध्ये पाच माणसे सामानासह खरोखर बसतात आणि घाटात एसी बंद करावा लागत नाही. तेवढ्याच इंधनखर्चात मोठी गाडी, असे तिचे वर्णन करता येईल. इंधन वाचवणारी गाडी म्हणून ती कोणी विकत असेल, तर विकणाऱ्याच्या हिशेबावर विश्वास ठेवू नये.

सुरक्षिततेबाबत मात्र मध्यममार्ग नाही. ग्लोबल एनकॅपने २०१७ मध्ये भारतातल्या डस्टरची चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या सर्वांत स्वस्त प्रकाराला शून्य तारे मिळाले, चालकाची एअरबॅग असलेल्याला प्रौढांच्या सुरक्षेसाठी तीन. बाजारात दोन्ही प्रकार आहेत आणि जाहिरातीत दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात. पंधरा-वीस हजार वाचवण्यासाठी बिनएअरबॅगची गाडी घेणारा माणूस काय वाचवतो आहे, हे त्याचे त्याने पाहावे.

कायद्याची घडी वेगळी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे पहिल्या डस्टर २०२७ मध्ये आरटीओच्या दारात फिटनेससाठी उभ्या राहणार. पाच वर्षांची मुदतवाढ मिळते, त्यासाठी शुल्क आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. रक्कम झेपण्यासारखी आहे, तरी धोरण कोणत्या दिशेने जात आहे हे उघड आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरील बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. पुढे त्यात सवलतीही आल्या. तोवर तिकडच्या अनेक गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत पोहोचल्या. दिल्लीची गाडी स्वस्त पडते, आणि तिकडच्या कोरड्या हवेत पत्रा कोकणातल्यापेक्षा बरा राहतो, हे खरे. परंतु इथला रस्ता कर, पासिंग, एजंटाची फी आणि महिनाभराच्या चकरा धरल्या की स्वस्ताई बरीचशी वितळते. एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देणे हे धाडस आहे.

पर्यावरणाचा प्रश्न मी हातावेगळा करू शकत नाही. जुने डिझेल इंजिन शेजाऱ्याच्या फुप्फुसात काय सोडते, हे माहीत असून ते विकत घ्यावे का? यावर दुसरे मत असे की तयार असलेली गाडी आणखी आठ वर्षे चालवणे हे नवे दीड टन लोखंड-प्लास्टिक घडवण्यापेक्षा बरे. शहरात रोज तीन किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याच्या बाबतीत मला पहिले म्हणणे पटते. थंड इंजिनाचे छोटे फेरे शेजाऱ्यालाही वाईट आणि ईजीआर व्हॉल्व्हलाही. महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्याच्या बाबतीत दुसरे.

सगळे धरून माझा कल डस्टरकडे आहे, पण अटींसह, आणि त्या अटी गाडीपेक्षा घेणाऱ्याला लागू होतात. घरात दुसरे वाहन असावे, निदान दुचाकी. रेनो किंवा निसानवर हात बसलेला फिटर गाडी टो करून नेण्याच्या अंतरात असावा, आणि गाडी बघायला जाताना त्यालाच बरोबर न्यावे, त्याची फी द्यावी. चार लाखांचे बजेट असेल तर तीनची गाडी बघावी. उरलेला लाख बेल्ट, वॉटर पंप, सस्पेन्शनचे बुश, टायर आणि गरज पडली तर क्लच यांच्यासाठी पहिल्याच महिन्यात खर्च होणार असे धरून. चारच्या चार लाख गाडीत घालून वर ‘आता दोन वर्षे काही बघायला नको’ म्हणणाऱ्याने स्विफ्टच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. आणि निवड असेल तर ८५ अश्वशक्तीची, एअरबॅगवाली, इथेच नोंदलेली, दोनपेक्षा जास्त हात न बदललेली.

राहिला स्वभावाचा भाग. या गाडीत बाहेरचे आरसे हलवायचा नॉब हँडब्रेकच्या दांड्याखाली आहे. हँडब्रेक खाली सोडला की नॉब झाकला जातो, म्हणजे चालत्या गाडीत आरसा नीट करायची सोय जवळजवळ नाही. रेडिओची बटणे स्टिअरिंगच्या मागे एका दांडीवर आहेत, दिसत नाहीत, बोटांनी चाचपावी लागतात. काहींना हे आठवड्यात अंगवळणी पडते. काहींना पाच वर्षांनंतरही दर सिग्नलला चीड येते. चाचणीच्या फेरीत इंजिनाच्या आवाजाइतकेच लक्ष याकडेही द्यावे, कारण बुश बदलता येतात, नॉबची जागा नाही.