किड्यांचा डबा आधी भरा

घरात बिअर्डेड ड्रॅगन आहे असं सांगितलं की लोकांचे दोनच प्रश्न असतात. चावतो का? आणि खातो काय? पहिल्याचं उत्तर सोपंय, सहसा नाही. दुसऱ्याचं उत्तर मी देते आणि समोरचा हातातला वडापाव खाली ठेवतो.

किडे. जिवंत.

मूळचा ऑस्ट्रेलियातला हा सरडा नोकरदारांसाठी तसा झकास. भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही. (घोरपड, चांदणी कासव ही आपली देशी मंडळी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय कट.) पण खरा संसार त्याच्या खाण्याशी करावा लागतो. घरात शंभरेक जीव असतात आणि त्यातला एकच लाडका!

फंडा असा की, बहुतेक किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जेमतेम. सरड्याला हवं नेमकं उलटं, कॅल्शियम साधारण दुप्पट. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. माझ्या एका मित्राने त्याच्या ड्रॅगनला आठ महिने नुसते मीलवर्म घातले. का, तर आवाज नाही, वास नाही, डोक्याला ताप नाही. एक दिवस जबडा रबरासारखा मऊ लागला. एक्स-रेमध्ये पायाची हाडं वाकलेली. जीव वाचला, पण मागचा पाय अजून ओढत चालतो.

म्हणून बॉस, किड्यांना आधी जेवू घाला. सरड्याला द्यायच्या किमान एक दिवस आधी त्यांना गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला द्या. पालक नको, त्यातली ऑक्झॅलेट्स कॅल्शियम अडवून धरतात. मग पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पावडर, त्यात किडे, दोन झटके आणि लगेच पानात. शिवाय यूव्हीबी ट्यूब हवीच, नाहीतर ते कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे उपयोगाचं नाही.

आता निवड. क्रिकेट, म्हणजे रातकिडे, खेळायचं नव्हे, खायचं. चपळ असतात, त्यामुळे सरड्याचा व्यायाम होतो. रात्रभर किरकिर नको असेल तर छोटे घ्या, कारण गातात फक्त पंख फुटलेले नर. साइज सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले रात्री टाकीत सोडू नका, झोपलेल्या सरड्याला तेच कुरतडतात. जाळीच्या झाकणाचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठे उभे. पाण्याची वाटी मात्र नको, बुडून मरतात. गाजराची चकती पुरते.

मीलवर्म अधूनमधून ठीक. गव्हाच्या कोंड्यात ठेवून डबा फ्रिजमध्ये सरकवला की ते सुस्तावतात आणि बरेच दिवस टिकतात. (डब्यावर नाव लिहा. आमच्याकडे आईने तो उघडला होता. पुढचं छापण्यासारखं नाही.) पावसाळ्यात कोंडा ओलसर होऊन बुरशी धरते, तो लगेच बदला. सुपरवर्मना मात्र फ्रिज दाखवू नका, थंडीने मरतात. गंमत म्हणजे हे गर्दीत असेपर्यंत अळीच राहतात, एकेकटे ठेवले की कोषात जाऊन भुंगेरे होतात. हॉस्टेल सोडून वन रूम किचन घेतल्यावर आपलं होतं, तसंच.

आणि सरडा मोठा झाला की निम्म्याहून जास्त ताट पालेभाजीचं. वाढत्या पिल्लाला रोज किडे लागतात, मोठ्याला आठवड्यातून काही दिवस पुरे. रोज मागतो म्हणून देत बसलात तर नुसता लठ्ठ होईल.

राहता राहिले फुकटचे किडे. सोसायटीच्या बागेतले नकोत, तिथे कधी काय फवारलंय कुणाला माहीत. घरातलं झुरळ तर नकोच, ते पेस्ट कंट्रोल पिऊन आलेलं असू शकतं. आणि मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाल, तर एकही काजवा बाटलीत भरून आणू नका. त्यांच्या अंगात विष असतं आणि एवढ्याशा एका काजव्यानेही ड्रॅगन दगावू शकतो.